जिऱ्याएवढे मासे

मुलुंड, ९ जुलै १९८७

प्रेमा,

वर 'चि.' लिहावं की नुसतं नाव, यात दोन आंतर्देशीय पत्रं वाया घालवली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. गावाकडचा पत्ता जुन्या वहीतला आहे. तुम्ही अजून त्याच घरात असाल असं धरून चालते.

तुझं शिवणाचं मशीन माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा तेल घालते, चाक फिरवून बघते. आमच्या कॉलेजातल्या एकीचा भाऊ कणकवलीला माल घेऊन जातो, तो पोचवील म्हणते. पाठवू का, एवढंच विचारायचं होतं.

एवढंच नव्हतं. काल भाजी घेताना जयवंत भेटले, तुमच्या मंडळाचे. अंगाने अर्धे झालेत. "दशरथची काय खबर?" म्हणाले. मी म्हटलं, बरे आहेत. "कामाबिमाला जातो?" जातात ना, म्हटलं. मला काय ठाऊक, प्रेमा? तीन वर्षांत मला तुमची एक ओळ नाही आणि मीही लिहिली नाही. पण सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल 'माहीत नाही' म्हणायची बाजारात लाज वाटली.

खाणीच्या तळ्यावर आता मंडळाची सहाच घरं उरली आहेत. अकराची सहा. जलपर्णी यंदाही आहे. छातीएवढ्या पाण्यात उतरून हातानं ओढतात म्हणे.

मी त्या सगळ्याचा पुष्कळ विचार करते. संपानंतर गिरणीचं दार कायमचं बंद झालं, तेव्हा मुलुंडच्या त्या पडीक खाणीत मासे वाढवायचं दशरथरावांच्याच डोक्यात आलं होतं. पहिलं वर्ष किती छान गेलं. आणि दुसऱ्या वर्षी जलपर्णीवर औषध मारल्यावर आठवड्याभरात तळ्याशेजारच्या लहान खड्ड्यातली सगळी पिल्लं गेली. त्यात दोष असा कोणाचा नव्हता गं. औषधानं जलपर्णी मेली की ती पाण्यात कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. असं होतं. आमच्या पुस्तकांतसुद्धा आहे.

मशीनचं कळव.

नलिनी अक्का


मुलुंड, २८ जुलै १९८७

प्रेमा,

तुझं कार्ड कॉलेजच्या पत्त्यावर आलं. शिपायानं सगळ्यांसमोर हातात दिलं, आणि कार्ड असल्यामुळे त्यानं वाचलंही असणार. असू दे.

तुझ्या सहा ओळी आहेत, पाठ झाल्या. लिहितेस: मशीन नको, इथे शिवून घेणारं कोणी नाही. हे दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातात, पण झाडांना औषध मारायला बोलावलं तर जात नाहीत. घरात काहीही मोजल्याशिवाय करत नाहीत. चहात साखर घालतानासुद्धा चमचा बोटानं सपाट करतात. परवा जेवता जेवता म्हणाले, "माझ्याच हातान ज्यास्त पडला." तीन वर्षांत त्यावर पहिल्यांदा बोलले. तुला कळवावंसं वाटलं.

का कळवावंसं वाटलं, ते लिहिलं नाहीस.

मला ते चमचा सपाट करणं दिसतं. मी त्यांना गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करताना कधी पाहिलं नाही, पण गिरणीतले लोक म्हणायचे की दशरथच्या साच्यावरचं कापड तपासायला लागत नाही. तसा माणूस.

एक तुला कधी बोलले नाही. तुमच्या घरात माझं काही चालायचं नाही, ते मला लागायचं. संपाच्या वर्षी मी तांदूळ घेऊन आले, तर दशरथरावांनी हसून पिशवी परत माझ्याच हातात दिली. "अक्का, आमचं चाललंय." दिवाळीला साडी आणली, तर तू ती घडी न मोडता कपाटात ठेवलीस. मी एकटी, नोकरीवाली, शिकलेली थोरली बहीण, आणि माझ्याकडून तुम्हाला काहीच नको.

आणि मग त्या वर्षी भाद्रपदात ते स्वतः माझ्या कॉलेजात आले. घाटकोपरपर्यंत. इस्त्रीचा शर्ट घालून प्रयोगशाळेच्या दाराबाहेर अर्धा तास उभे होते, आत यायचं माहीत नाही म्हणून. म्हणाले, "अक्का, तळं जलपर्णीनं भरत चाललंय. तुमच्याकडे त्याच्यावरचं औषध तपासतात ना?"

मला इतका आनंद झाला होता, प्रेमा. मी दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या नंदकिशोरांना फोन केला. त्यांच्या तणनाशकाची माशांवरची चाचणी आम्हीच केली होती, रिपोर्टवर माझी सही होती. त्यांनी दोन डबे नमुना म्हणून पाठवले. मी स्वतः ते रिक्षातून तळ्यावर घेऊन आले. तुम्ही माझ्याकडून घेतलेली ती पहिली वस्तू.

अक्का


मुलुंड, १७ ऑगस्ट १९८७

प्रेमा,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते आहे. गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली.

माझ्या हाताखाली पद्मजा नावाची एम.एस्सी.ची मुलगी आहे. हुशार, जरा घाबरट. तिला मी प्रकल्पासाठी तेच तणनाशक दिलं आहे. आमच्याकडे चाचणी कशी होते, ते तुला थोडं सांगायला हवं. आम्ही बोटभर लांबीची पिल्लं आणतो, त्यांना बोटुकली म्हणतात. पंधरा दिवस सिमेंटच्या टाकीत ठेवतो, इथल्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. त्या दिवसांत जी मरतात ती जाळीनं काढून टाकतो. त्यांची नोंद नसते. उरलेल्यांतून सारख्या मापाची, चपळ निवडतो आणि मग औषध. सगळ्याच प्रयोगशाळा असंच करतात. मला माझ्या सरांनी असंच शिकवलं.

पद्मजाला बोटुकली मिळाली नाहीत. ती मत्स्यबीज केंद्रातून पिशवीभर जिरे घेऊन आली. तुला जिरे माहीतच आहेत, तुमच्या लहान खड्ड्यात तेच सोडले होते, अंड्यातून निघून चार दिवस झालेले, जिऱ्याएवढे. तिनं सहा ट्रे लावले. कंपनीच्या मात्रेच्या ट्रेमध्ये दुसऱ्या दिवशी एकही हलत नव्हता. दहाव्या हिश्शाच्या ट्रेमध्ये जिवंत होते, पण थव्यानं फिरत नव्हते. एकेकटे, कडेला चिकटून. सहाव्या दिवशी भिंगाखाली पाहिलं तर पाठीचे कणे वाकलेले. नुसत्या पाण्याचा ट्रे मात्र छान होता. सगळे एकत्र वळायचे.

आणि कुठेही कुजलेली जलपर्णी नव्हती, प्रेमा. ट्रेमध्ये पाणी आणि औषध, एवढंच.

म्हणजे औषधानंच गेले. आणि मात्रा जास्त होऊन नव्हे. जेवढी सांगितली होती तेवढ्यानंच गेले. बोटुकली त्या मात्रेला टिकतात, मोठे मासे तर टिकतातच, म्हणून तुमच्या मोठ्या तळ्यातले वाचले. त्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दशरथरावांना सांग, त्यांची चूक नव्हती असं आता निघालं आहे.

अक्का


मुलुंड, ३ सप्टेंबर १९८७

प्रेमा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्या वेळी ठाऊक होतं. मला ठाऊक होतं.

आणि पद्मजाची गोष्ट अर्धीच सांगितली. मेलेल्या जिऱ्यांचा ट्रे घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली आणि सहज, पाण्याचा ग्लास ठेवावा तसा ट्रे ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, 'वाहतुकीत दगावले' असं लिहू ना?"

मी विचारलं, असं का वाटतं तुला? तर म्हणाली, "तुम्ही तसंच लिहिता ना? जुन्या वह्यांत आहे. मला वाटलं, जिरे मेले की तसं लिहायचं असतं."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मीच कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले, नवीन आहात, जुन्या वह्या बघून शिका.

तिनं पाहिलेलं पान ऑगस्ट ८३चं. रिपोर्टच्या सहा महिने आधीचं. त्या पावसाळ्यात मी आपण होऊन जिऱ्यांचे ट्रे लावले होते. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच वाटलं, लावून पाहावं. तीन दिवसांत औषधाच्या ट्रेंमधले सगळे मेले. मी नंदकिशोरांना दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, जिरे असेही मरतातच की हो. प्लॅस्टिकच्या पिशवीत सात तास आलेत. करारात बोटुकली आहेत, तुम्ही बोटुकलींचं द्या." खोटं म्हणावं तर तेही खोटं नाही. जिरे पिशवीत मरतातच. पण नुसत्या पाण्याचा ट्रे तेव्हाही माझ्यासमोर होता, आणि त्यातले जिवंत होते. मी तो ट्रे पाहिला, आणि बाकीच्या ट्रेंसमोर 'वाहतुकीत दगावले' असं लिहून पान उलटलं. कंपनीनं प्रयोगशाळेला नवी उपकरणं दिली होती. चाळिसाव्या वर्षी माझी पीएच.डी. मार्गी लागली होती. ही कारणं मी तुला देत नाही, नुसती होती म्हणून लिहिते.

आणखी आहे. दशरथराव कॉलेजात आले, तेव्हा निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं होतं, "अक्का, लहान खड्ड्यात जिरे सोडलेत आम्ही. त्यांना काही व्हायचं नाही ना?" तो प्रश्न त्यांनी विचारला, प्रेमा. गिरणीत साचा चालवलेल्या माणसानं तो विचारला. मी म्हणाले, "रिपोर्टमध्ये माशांना सुरक्षित आहे."

मला त्या क्षणी ते पान आठवलं. आठवलं नाही असं मी स्वतःला तीन वर्षं सांगितलं. पण आठवलं. मनात म्हटलं, ट्रे निराळा, तळं निराळं, एवढ्या पाण्यात काय होतंय. आणि 'थांबा' म्हटलं असतं तर त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नसतं.

नंतरचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. जयवंतांच्या ओटीवर सगळे बसले होते. कोणीतरी म्हणालं, दशरथनं कंटाळून जास्त ओतलं असेल. जयवंतांनी मला विचारलं, "अक्का, तुम्ही तर होतात तिथं. मोजूनच मारत होता ना तो?" आणि मी म्हणाले, "मी काही सारखी बघत नव्हते."

तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, अक्का बाजू घेत नाही. त्याहून वाईट होतं ते.

हे पत्र फाडायचं असेल तर फाड. पण आधी त्यांना वाचून दाखव.

नलिनी


मुलुंड, २१ सप्टेंबर १९८७

प्रेमा,

तुझं काही आलं नाही. मी वाट बघत बसले नाही, हेच एक बरं केलं.

कंपनीला आणि प्राचार्यांना पत्र लिहून माझा रिपोर्ट मागे घेत असल्याचं कळवलं, वहीच्या त्या पानाची नक्कल जोडून. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, तीन वर्षांपूर्वीचं कशाला उकरता?" कंपनीकडून अजून काही नाही. पीएच.डी.चं एक प्रकरण त्याच चाचणीवर उभं आहे, ते काढावं लागेल, मग बहुतेक सगळंच. पद्मजाला मी पान दाखवून सांगितलं की हे खोटं आहे, आणि हे मी लिहिलं. ती रडायला लागली. का, ते मला कळलं नाही, तिलाही सांगता आलं नाही.

काल, रविवारी, तळ्यावर गेले. जयवंतांनी सहाही घरांना बोलावून ठेवलं होतं. शिवाय सुंदराबाई आल्या होत्या. त्यांनी मंडळ सोडलंय, आता दारोदार मासळी विकतात, पण कळलं तशा पाटी बाजूला ठेवून आल्या. मी उभ्यानंच सांगितलं. प्राणवायू, बोटुकली, टक्के असलं काहीतरी बोलत होते. सुंदराबाईंनी मध्येच थांबवलं.

"ते ठेव बाजूला. दशरथ मोजून मारत होता की नव्हता?"

"चाचणीवरून तरी—"

"चाचणी नको. तुझे डोळे सांग."

"मोजून मारत होते," मी म्हटलं. "मी सारखी बघत होते."

सुंदराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आणि आम्ही त्याला पाण्याला विचारायचं सोडलं. नळावर माझ्या सुनेनं त्याच्या बायकोची कळशी बाजूला केली, मी बघितली आणि गप बसले." मग माझ्याकडे वळल्या. "तीन वर्षं काय करत होतीस गं तू? पोरांना शिकवत होतीस?"

"हो," म्हटलं.

"बरं शिकवलंस."

जयवंत काडीनं जमिनीवर रेघा ओढत होते. म्हणाले, "गिरणीत पण हेच व्हायचं. कापडात खोट निघाली की साच्यावाल्याला धरायचे. सूत कसलं आलं होतं, कोण बघतंय? आम्ही स्वतः त्यात भरडून निघालो, आणि इथं येऊन तेच केलं." त्यांना मी विचारलं, दशरथरावांना परत बोलवाल का? ते म्हणाले, "बोलवायला तोंड पाहिजे ना, बाई."

निघताना कोणी 'या' म्हटलं नाही. सुंदराबाई पाटी डोक्यावर घेऊन माझ्या पुढे चालत होत्या. वळणावर थांबल्या, मागे न बघता म्हणाल्या, "चिखल आहे, कडेनं ये."

हे पत्र लिहून पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात तुझं कार्ड आलं. ते वाचून पाकीट पुन्हा उघडलं.

तू लिहितेस, "तुझी सगळी पत्रं पेटीत आहेत. त्यांना एकही दाखवलं नाही. मी वाचून दाखवलं तर त्यांना वाटेल, बायको समजूत घालते आहे. तू त्यांना लिही. त्यांच्या नावानं. आणि कारणं लिहू नकोस, ती मी वाचली."

माझ्याबद्दल कार्डावर एक अक्षर नाही. ते बरोबर आहे. लिहिते.

नलिनी


मुलुंड, २९ सप्टेंबर १९८७

दशरथराव,

हे पत्र तुम्हाला आहे. प्रेमानं सांगितलं म्हणून लिहिते, पण लिहायचं होतं मलाच, तीन वर्षांपूर्वी.

लहान खड्ड्यातले जिरे तुमच्या हातून जास्त पडून मेले नाहीत. मी सांगितलेल्या मात्रेनंच मेले. ती मात्रा जिऱ्यांना मारते, हे मला त्याआधी एक वर्षापासून माहीत होतं. तुम्ही मला त्याबद्दल विचारलंत, तेव्हा मी खोटं उत्तर दिलं. नंतर ओटीवर सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा खोटं बोलले. जयवंत, सुंदराबाई आणि मंडळातल्या सगळ्यांना मी हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं आहे. तुम्ही त्यांना विचारू शकता. कॉलेजला आणि कंपनीला लेखी दिलं आहे.

तुम्हाला शब्दावर भरवसा ठेवायला सांगण्याचा मला हक्क नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. तुमच्या आठवणीशी ताडून पाहा.

१६ सप्टेंबर, रविवार. सकाळी नऊ वाजता तुम्ही सुरुवात केलीत. पाठीवरचा पंप आधी दोनदा साध्या पाण्यानं धुतलात. मग खुणेपर्यंत पाणी भरलंत. डब्याचं टोपण काठोकाठ भरून एक, दुसरं तसंच. एका पंपाला दोन टोपणं. दर वेळी टोपण डोळ्यासमोर धरून पाहत होतात आणि काठावर थेंब आलेला असला तर तो परत डब्यात टाकत होतात. मोठ्या तळ्याला चौदा पंप लागले. सातव्या पंपाला वारा सुटला म्हणून तुम्ही थांबलात आणि विडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसलात. अठ्ठावीस टोपणं झाली. मी दगडावर बसून मोजत होते. मला भीती वाटत होती, म्हणून मोजत होते. एकही टोपण जास्त नव्हतं.

पुढचं मी प्रेमालाही लिहिलेलं नाही. तुम्हाला ते आठवत असेल, किंवा तुम्ही ते मोजदादीत धरलं नसेल.

पंधरावा पंप भरून तुम्ही लहान खड्ड्याकडे गेलात. तिथं जलपर्णी फार नव्हती, कडेला चार-पाच गड्डे होते. तुम्ही काठावर उभे राहिलात, पण नळी वर केली नाहीत. वाकून पाण्यात बघितलंत. मग वळून माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. तोंडानं काही विचारलं नाहीत.

मी मान हलवली, हो म्हणून.

मग तुम्ही पंप मारलात.

नलिनी